ग्रिनेल, मॅकलेस्टर, माउंट होलिओक की वूस्टर? गणित-अर्थशास्त्रासाठी नक्की कशावर ठरवायचं

एमआयडीसी_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. भाची यंदा बारावी सायन्सला आहे. राज्य मंडळ, सोलापुरातलंच ज्युनिअर कॉलेज, शाळा सेमी-इंग्रजी. दहावीला ९४ टक्के, अकरावीला ८८. इंजिनिअरिंग नको, मेडिकल नको. गणित आणि अर्थशास्त्र दोन्ही एकत्र शिकायचंय, त्यातही ओढा संख्याशास्त्राकडे. अमेरिकेतल्या लहान लिबरल आर्ट्स (वेगवेगळे विषय एकत्र शिकता येणाऱ्या) कॉलेजांची यादी गाळत गाळत चारवर आणली आहे: आयोवातलं ग्रिनेल, मिनेसोटातलं मॅकलेस्टर, मॅसॅच्युसेट्समधलं माउंट होलिओक आणि ओहायोतलं वूस्टर.

अडचण अशी की चारही वेबसाइट वाचल्या की एकच वाचल्यासारखं वाटतं. सगळीकडे वर्गात पंधरा-वीस मुलं, सगळीकडे प्राध्यापकांच्या केबिनचं दार उघडं, सगळ्या फोटोंत तीच लाल पानांची झाडं. क्रमवारी बघितली तर दर साईटची वेगळी.

घरचं सांगायचं तर दाजींचा भावासोबत भागीदारीत टॉवेलचा कारखाना, शिवाय मोहोळ तालुक्यात सामाईक जमीन. सगळं धरून वर्षाला १२ लाखांच्या वर जमणार नाही. कर्ज शक्यतो नको.

चारांत निवड कशाच्या जोरावर करायची? 'अर्ली डिसिजन'मध्ये एकाच कॉलेजला बांधून घ्यावं का? आणि इथल्या कॉलेजात असले फॉर्म कुणी कधी भरलेले नाहीत, तर कागदपत्रांचं काय करायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

जुळेसोलापूरकर

आधी पैशाचं बोलू, कारण तुमच्या यादीतल्या एका नावाचा निकाल तिथंच लागतोय.

फी, राहणं, जेवण, विमा, पुस्तकं धरून या प्रकारच्या कॉलेजांचा वर्षाचा खर्च आज ८० ते ९५ हजार डॉलरच्या घरात आहे. डॉलर ९० रुपये धरला तर ७२ ते ८५ लाख. तुमचे १२ लाख म्हणजे १३,३०० डॉलर. वरचे ७० हजारांच्या आसपास डॉलर कॉलेजनं सोडायला हवेत. त्यामुळं 'शिष्यवृत्ती मिळते का' असं विचारून उपयोग नाही, ती सगळीकडेच थोडीफार मिळते. परदेशी विद्यार्थ्याची पूर्ण आर्थिक गरज भागवतात का, हे विचारायचं.

अ‍ॅमहर्स्ट आणि बोडिनसारखी मोजकी कॉलेजं प्रवेश देताना परदेशी मुलांचीही पैशाची गरज बघत नाहीत, आणि घेतलं की ती पूर्ण भागवतात. तिथं जागा मिळवणं महाकठीण. ग्रिनेल, मॅकलेस्टर आणि माउंट होलिओक प्रवेश ठरवताना 'हिला किती द्यावे लागतील' हे बघतात, पण एकदा घेतलं की गरज पूर्ण भागवतात. वूस्टर गुणवत्तेवर चांगली सवलत देतं, पण पूर्ण गरजेचा शब्द देत नाही. तिथं अर्धी ट्युशन फी माफ झाली तरी वर्षाला चाळीस लाखांच्या पुढंच उरतात. कॉलेज उत्तम आहे, पण १२ लाखांत बसवायचं असेल तर ते यादीतून काढा, किंवा फार मोठी सवलत आली तरच जायचं असं ठरवून अर्ज करा.

आता मेख. 'गरज' म्हणजे तुम्हाला वाटते ती नव्हे, कॉलेजच्या हिशेबानं निघते ती. तुम्ही १२ लाख म्हणाल, ते सीएसएस प्रोफाइल या आर्थिक माहितीच्या ऑनलाइन फॉर्ममधली जमीन आणि कारखान्यातला हिस्सा बघून २० लाख काढतील, आणि तरीही 'आम्ही पूर्ण गरज भागवली' असंच म्हणतील. म्हणून प्रत्येक कॉलेजला ई-मेल करून विचारा की परदेशी कुटुंबासाठी अंदाज मिळेल का. वेबसाइटवरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता खर्च किती पडेल ते सांगणारं) बहुतेक ठिकाणी अमेरिकन कुटुंबांसाठी बेतलेलं असतं, त्याच्या आकड्यावर विसंबू नका.

प्रत्येक कॉलेजच्या नावापुढं 'कॉमन डेटा सेट' लिहून शोधा, पीडीएफ मिळते. त्यात एच-६ या रकान्यात किती परदेशी विद्यार्थ्यांना मदत दिली आणि सरासरी किती, हे असतं. बी-२ मध्ये एकूण परदेशी विद्यार्थी किती ते असतं. पहिल्याला दुसऱ्यानं भागा. शंभरातल्या ऐंशी-नव्वद मुलांना मदत असेल आणि सरासरी एकूण खर्चाच्या जवळपास जात असेल तर अर्ज करण्यात अर्थ आहे. शंभरात चाळीस आणि सरासरी २५ हजार डॉलर असं दिसलं तर बाकीची मुलं स्वतःच्या पैशावर आलेली आहेत, हे उघड आहे.

अजून काही खड्डे. पहिल्या अर्जात आर्थिक मदतीच्या प्रश्नाला 'नाही' म्हणायचं, प्रवेश मिळाला की मागायची, असा सल्ला गल्लोगल्ली मिळतो. बऱ्याच कॉलेजांत परदेशी मुलानं अर्जासोबत मदत मागितली नाही तर चारही वर्षं ती दारं बंद. ऑफर लेटरमध्ये 'कॅम्पस जॉब' म्हणून दोन-अडीच हजार डॉलर मदतीतच धरलेले असतात. ते काम केल्यावर पंधरवड्याला थोडे थोडे हातात येतात, ऑगस्टचं बिल भरायला त्यांचा उपयोग नाही. फी दरवर्षी तीन ते पाच टक्क्यांनी चढते आणि रुपयाचं काय होतं ते तुम्हाला सूत आयात-निर्यातीत दिसतंच. पहिल्या वर्षी १२ लाख पुरे काठोकाठ लागत असतील तर चौथ्या वर्षी ते पुरणार नाहीत. पहिलं वर्ष दहात बसलं पाहिजे.

करही असतो. राहण्या-जेवणापोटी मिळालेली शिष्यवृत्ती अमेरिकेत करपात्र धरतात, ट्युशनपोटी मिळालेली नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांचा त्यावर १४ टक्के कर कॉलेज आधीच कापू शकतं. भारत-अमेरिका करारातल्या कलम २१ मुळं भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं (२०२४ सालासाठी ते १४,६०० डॉलर होतं), म्हणून तुमच्या बजेटला प्रत्यक्ष कर बहुधा शून्यावर येईल. पण त्यासाठी दरवर्षी १०४०-एनआर हे विवरणपत्र भरावं लागतं. भरलं नाही तर कापलेले पैसे तिकडंच राहतात.

---

किल्लाबाग

पैशाचं वर चोख आलंय. मी फक्त विभाग कसा तपासायचा ते लिहितो, कारण चारही वेबसाइट सारख्या वाटतात त्याचं कारण तुम्ही प्रवेश विभागाची पानं वाचताय. ती सगळीकडे एकाच साच्यातली असतात. वाचायचं ते रजिस्ट्रारचं, म्हणजे कोर्स आणि वेळापत्रकं सांभाळणाऱ्या कार्यालयाचं पान.

लहान कॉलेजचं खरं दुखणं हे की विभागही लहान असतो. 'कॅटलॉग'मध्ये गणिताचे तीस कोर्स छापलेले असतात, पण शिकवणारे सात-आठ. म्हणजे बरेच वरचे कोर्स वर्षाआड होतात. तेव्हा कॅटलॉग बाजूला ठेवा आणि 'क्लास शेड्यूल' उघडा. बहुतेक कॉलेजांचं ते सगळ्यांना दिसतं. मागच्या चार सत्रांचं काढा आणि एका कागदावर हे कोर्स लिहा: लिनिअर अल्जिब्रा, प्रॉबेबिलिटी, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स, रिअल अ‍ॅनालिसिस, इंटरमीजिएट मायक्रो, इंटरमीजिएट मॅक्रो, इकॉनोमेट्रिक्स. प्रत्येकापुढं चार सत्रांत तो किती वेळा झाला ते लिहा.

हे सातच का? पुढं अर्थशास्त्रात पीएचडी करायची असेल तर रिअल अ‍ॅनालिसिसचा ग्रेड आधी बघतात, नोकरीला इकॉनोमेट्रिक्स आणि प्रॉबेबिलिटी लागते. समजा एखाद्या ठिकाणी अ‍ॅनालिसिस फक्त वर्षाआड शरद सत्रात होतो. मुलीचं तिसरं वर्ष त्यात आलं आणि नेमकं त्याच सत्रात ती परदेशी सत्राला गेली, तर तो कोर्स चौथ्या वर्षीही नाही. अ‍ॅनालिसिस न करताच पदवी. असं मोठ्या विद्यापीठात होत नाही, इथं होतं, आणि प्रवेश घेताना कुणी सांगत नाही.

मग विभागाच्या 'फॅकल्टी' पानावर जा. असिस्टंट, असोसिएट आणि पूर्ण प्रोफेसर वेगळे मोजा, नावापुढं 'व्हिजिटिंग' असलेले वेगळे. व्हिजिटिंग शिक्षक वाईट शिकवतात असं मुळीच नाही, पण ते एक-दोन वर्षांत निघून जातात, आणि तिसऱ्या वर्षी शिफारसपत्र मागायची वेळ येते तेव्हा त्यांचा पत्ता शोधावा लागतो. 'ऑन लीव्ह' किती तेही बघा. पाच जणांच्या विभागातले दोघं सब्बॅटिकलवर (अभ्यासरजेवर) गेले की त्या वर्षीचं वेळापत्रक कसं दिसतं ते मागच्या शेड्यूलमध्ये लगेच कळतं.

वर्गातल्या सरासरी मुलांचा आकडा सोडून द्या. कॉमन डेटा सेटमधल्या आय-३ मध्ये २ ते ९, १० ते १९, २० ते २९ असे गट पाडून किती वर्ग आहेत ते दिलेलं असतं. त्यातही सहा मुलांचे वरचे सेमिनार सरासरी खाली ओढतात, आणि नवीन मूल बसतं ते तीस-पस्तीसच्या 'इंट्रो इकॉनॉमिक्स'मध्ये. शेड्यूलमध्ये जागा किती, भरल्या किती आणि वेटलिस्टवर किती, हे दिसत असेल तर तेच खरं. कॉम्प्युटर सायन्स आणि अर्थशास्त्राला बहुतेक लहान कॉलेजांत गर्दी असते, गणिताला कमी.

तुमच्या चारांपुरतं बोलायचं तर ग्रिनेलमध्ये सक्तीचा म्हणावा असा एकच कोर्स, पहिल्या सत्रातलं ट्युटोरियल. बाकी सल्लागार प्राध्यापकासोबत बसून ठरवायचं. गणित-अर्थशास्त्र जोडीला ही मोकळीक सोयीची, पण सल्लागार ढिला निघाला तर मूल भरकटतं. मॅकलेस्टरमध्ये गणित, संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटर सायन्स एकाच विभागात आहेत, त्यामुळं संख्याशास्त्र तिथं वळचणीला पडलेलं नाही. माझं मत विचाराल तर संख्याशास्त्राची ओढ खरी असेल तर मॅकलेस्टरचं शेड्यूल सगळ्यात आधी उघडा. माउंट होलिओक मुलींचं कॉलेज, १८३७ चं. त्याचं खरं बळ म्हणजे शेजारी: अ‍ॅमहर्स्ट, स्मिथ, हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ यांच्यासोबतचं फाइव्ह कॉलेज मंडळ. आपल्याकडे कोर्स झाला नाही तर तिकडं जाऊन करता येतो, वेगळी ट्युशन फी नाही. मात्र बसला जाऊन-येऊन तास-सव्वा तास धरा. दुपारी दीडचा वर्ग तिकडं आणि तीनची लॅब इकडं, असं वेळापत्रक कागदावर जुळतं, बसमध्ये जुळत नाही. एका सत्रात असा एकच कोर्स घ्यावा. वूस्टरमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी स्वतंत्र संशोधन प्रबंध सक्तीचा. पीएचडीकडे जाणाऱ्याला ती मोठी शिदोरी आहे, पण बजेटचं वर आलंच आहे.

नोकरीच्या दृष्टीनं एक क्रमांक बघाच. प्रत्येक विषयाला सीआयपी कोड, म्हणजे सरकारी वर्गीकरणातला क्रमांक असतो. नुसतं अर्थशास्त्र ४५.०६०१ खाली असेल तर शिक्षणानंतर १२ महिन्यांची ओपीटी (तिकडं काम करायची परवानगी) मिळते, बास. तेच कॉलेजनं ४५.०६०३, म्हणजे इकॉनोमेट्रिक्स आणि क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सखाली नोंदवलं असेल तर ते स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांत) येतं आणि वर २४ महिने वाढवून मिळतात. कोर्स तेच, पुस्तकं तीच. कोड कुठला ते रजिस्ट्रारला विचारा. गणित किंवा संख्याशास्त्र हा दुसरा मेजर (मुख्य विषय) असेल तर काळजी नाही, ते स्टेममध्येच आहेत.

गावाबद्दल फार लिहीत नाही. ग्रिनेल हे नऊ-दहा हजार वस्तीचं गाव, डे मॉइन विमानतळ तासाभरावर. मॅकलेस्टर शहरात, विमानतळ जवळच. थंडी दोन्हीकडे उणे वीसपर्यंत जाते, आपल्या त्रेचाळीस अंशांतून जाणाऱ्याला दोन्ही सारख्याच. हिवाळी सुट्टीत हॉस्टेल आणि मेस चालू असते का आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का, हे मात्र विचारा. त्या महिन्यात सोलापूरला येऊन जायचं तिकीट तुमच्या १२ लाखांतूनच जाणार.

---

एमआयडीसी_अक्कलकोटरोड

दोघांचेही आभार. वूस्टरबद्दल आज रात्री दाजींशी बोलतो. किल्लाबाग सर, तिथल्या विद्यार्थ्यांशी बोलायचं झालं तर काय विचारायचं? 'कसं आहे' म्हटलं की सगळे 'छान आहे' म्हणतात. आणि कागदपत्रांचं कुणीतरी लिहा हो. उपप्राचार्य मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, 'बोनाफाईड देते, अजून काय पाहिजे?'

---

किल्लाबाग

'मागच्या सत्रात कुठल्या कोर्सला नाव लागलं नाही?' हे विचारा. दुसरं, 'थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या) सुट्टीत मेस बंद असताना जेवलात कुठं?' तिसरं, 'तुमच्या सल्लागाराला शेवटचं कधी भेटलात?' या तिन्हींना 'छान' असं उत्तर देता येत नाही.

---

बाळीवेस

कागदपत्रांचं मी घेतो. क्रमानं लिहायचा प्रयत्न करतो, पण यात एकात एक अडकलेलं असतं.

सगळ्यात आधी नाव. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलीचं, मग वडिलांचं, आईचं वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर मुलीचं आणि वडिलांचं नाव मिळून 'गिव्हन नेम' होतं. कॉमन अ‍ॅप (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज), सॅट (प्रवेशपरीक्षा), इंग्रजीची परीक्षा आणि सीएसएस प्रोफाइल, चारही ठिकाणी नाव पासपोर्टप्रमाणे, अक्षर न अक्षर तेच. एकीकडे वडिलांचं नाव घातलं आणि दुसरीकडे गाळलं की स्कोअर फाइलला जोडला जात नाही आणि 'अर्ज अपूर्ण' असा मेल येतो. पासपोर्ट नसेल तर आधी तो. सोलापुरातल्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची तारीख आजच बघा.

त्यांना नववी ते बारावी अशी चार वर्षं हवी असतात. आपल्याकडे नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात, म्हणजे दोन संस्थांचे दोन संच. नववीचं गुणपत्रक घरात सहसा सापडत नाही, शाळेच्या रजिस्टरवरून दुय्यम प्रत मागा. दहावीचे ९४ टक्के 'बेस्ट ऑफ फाइव्ह'चे आहेत, हे लिहून द्या, नाहीतर सहा विषयांची बेरीज जुळत नाही म्हणून शंका येते. बारावीचे अजून गुण नाहीत, तर कॉलेजनं लेटरहेडवर विषयवार अपेक्षित गुण द्यायचे, सहामाहीच्या आधारे. पूर्वपरीक्षा झाली की 'मिडइयर रिपोर्ट'.

उपप्राचार्य मॅडमच तुमच्या 'काउन्सेलर'. तसं चालतं, वेगळा समुपदेशक लागत नाही. त्यांच्याकडून स्कूल रिपोर्ट, शिफारसपत्र आणि एक पानाची 'स्कूल प्रोफाइल' लागते. ती तुम्ही कच्ची लिहून द्या, त्या सही-शिक्का करतील: बोर्ड कुठलं, सायन्सला किती विद्यार्थी, मागच्या वर्षी किती जणांना ९० च्या वर आणि किती जणांना ७५ च्या वर, रँक देतो की नाही. ही ओळ फार कामाची आहे. तिकडच्या माणसाला ८८ म्हणजे 'बी प्लस' वाटतं. सव्वातीनशे मुलांत ९० च्या वर फक्त नऊ जण, असं तुमच्या कॉलेजचं चित्र असेल तर तोच ८८ वेगळा दिसतो. आकडे अर्थात त्यांच्या रजिस्टरमधले खरे हवेत.

दोन शिक्षकांची पत्रं लागतात. इथं घोळ होतो. मुलगी 'इंटिग्रेटेड'वाल्या क्लासला असेल आणि कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलला जात असेल, तर कॉलेजच्या शिक्षकांना तिचं तोंडही माहीत नसतं. 'शी इज हार्डवर्किंग अँड ओबीडियंट' एवढंच पत्र येतं, ते नसल्यातच जमा. गणिताच्या सरांना आतापासून भेटायला लावा. तिची एखादी वही आणि सोडवलेलं एखादं अवघड गणित त्यांच्यापुढं ठेवा, म्हणजे लिहायला काही हाती लागेल. पत्र शिक्षकांनी स्वतः अपलोड करायचं असतं. तुम्ही त्यांच्या नावानं जीमेल उघडून टाकलंत तर ते पकडलं जातं आणि अर्ज रद्द होतो.

सेमी-इंग्रजी म्हणजे त्यांच्या लेखी इंग्रजी माध्यम नव्हे, तेव्हा टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगो यांपैकी एक लागेलच. ड्युओलिंगो घरी बसून तासाभरात होते आणि स्वस्त पडते, पण मध्येच लाइट गेली किंवा नेट तुटलं तर परीक्षा बाद. लॅपटॉपची बॅटरी पुरते, राउटर बंद पडतो. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, खोलीत दुसरं कुणी नको, नजर स्क्रीनवरून हलवायची नाही.

आता सीएसएस प्रोफाइल. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. माफी मिळते का ते कॉलेजला विचारा, काही जण कोड देतात. तुमच्या घरी दोन गोष्टी चुकायची शक्यता आहे. पहिली कारखाना: भागीदारी असेल तर दाजींच्या हिश्श्याचंच मूल्य आणि त्या हिश्श्याचंच कर्ज दाखवायचं. भागीदारीचं डीड आणि ताळेबंद सीएंकडून इंग्रजीत घ्या. दुसरी जमीन: सातबारावर चार नावं सामाईक असतील तर दाजींचा हिस्सा तेवढाच. किंमत रेडी रेकनरनं काढा, कोपऱ्यावरच्या एजंटानं सांगितलेली नको. भोगवटादार वर्ग २ ची असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही, हे 'स्पेशल सर्कमस्टन्सेस'च्या चौकटीत दोन ओळींत लिहा. त्यांना अमेरिकन शेत माहीत आहे, एकरी भाव आणि विक्री दोन्ही सोपी असलेलं. शेतीचं उत्पन्न आपल्याकडे करमुक्त म्हणून आयटीआरमध्ये ठळक दिसत नाही, पण इथं करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात ते दाखवायचंच. लपवलं आणि बँक स्टेटमेंटमध्ये आडत्याकडून आलेली रक्कम दिसली की सगळ्या अर्जावरचा विश्वास उडतो. सातबारा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जे मराठीत असेल त्याचं इंग्रजी भाषांतर मूळ प्रतीसोबत एकाच पीडीएफमध्ये.

आणि उपक्रमांच्या यादीत ती कारखान्याचे हिशेब लिहीत असेल किंवा धाकट्यांना सांभाळत असेल तर ते लिहा. घरकामाला तिथं स्वतंत्र प्रकार आहे. पाच हजारांचं 'इंटर्नशिप सर्टिफिकेट' विकत घेऊ नका.

---

जुळेसोलापूरकर

अर्ली डिसिजनचं राहिलं होतं. पहिल्या फेरीची तारीख साधारण नोव्हेंबरच्या पूर्वार्धात, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. दुसरी फेरी जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल फेब्रुवारीत. नेहमीची फेरी जानेवारीत, निकाल मार्चअखेर, उत्तर १ मेपर्यंत. कॉलेजागणिक चार-आठ दिवस इकडंतिकडं, साईटवर बघून घ्या.

बांधून घेण्याचा फायदा खरा आहे. परदेशी मुलांच्या मदतीचा पैसा ठरावीक असतो आणि आधी येणाऱ्याला त्यातला वाटा सोपा जातो. तोटा एवढाच की दोन ऑफर शेजारी ठेवून बघता येत नाहीत. मदत पुरेशी नसेल तर कराराच्या बाहेर पडता येतं, पण 'पुरेशी नाही' हे कागदावर दाखवावं लागतं. म्हणून ज्या कॉलेजकडून आधी अंदाज मिळाला आणि तो १० लाखांच्या आत आहे, तिथंच अर्ली डिसिजन करा. अंदाज मिळालाच नाही तर नेहमीच्या फेरीत तिन्हीकडे अर्ज करा.

दुसऱ्या फेरीबद्दल सावध. तिची कागदपत्रं आणि बारावीची पूर्वपरीक्षा एकाच पंधरवड्यात येतात. दोन्ही बिघडवण्यापेक्षा बोर्ड होऊ द्या आणि पुढच्या नोव्हेंबरला खऱ्या गुणांवर अर्ज करा. एक वर्ष गॅप पडला म्हणून ही कॉलेजं नाक मुरडत नाहीत, त्या वर्षात काय केलं ते विचारतात.

मुलाखत ऑनलाइन मिळाली तर त्यांची सकाळ मागा. नोव्हेंबरपासून ग्रिनेल आणि मॅकलेस्टर आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागं असतात. त्यांचे सकाळचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. त्यांच्या दुपारी चारला 'हो' म्हटलंत तर पहाटे साडेतीनला उठून बसावं लागेल.

---

हत्तरसंग_कुडल

सगळं बरोबर आहे, पण तिन्हीकडून नकार आला तर जूनमध्ये हातात काय, हे कुणी लिहिलं नाही. गरज बघून प्रवेश देणाऱ्या कॉलेजांत ७० हजार डॉलर मागणाऱ्या मुलीला नकार येणं हेच जास्त संभवतं, मुलगी कितीही हुशार असो.

गणित-संख्याशास्त्र खरोखर आवडत असेल तर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचं बी.स्टॅट. आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची बी.एस्सी. यांच्या प्रवेशपरीक्षा द्यायलाच हव्यात. बोर्डानंतर होतात, फक्त गणिताच्या, पण बारावीच्या पुस्तकापेक्षा बऱ्याच खोल. सिद्ध करायला सांगतात, पर्यायांवर टिक मारून भागत नाही. अर्थशास्त्राकडे जास्त झुकत असेल तर पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट. लिबरल आर्ट्सचाच ढाचा हवा असेल तर सोनिपतचं अशोका, बंगळुरू-भोपाळचं अझीम प्रेमजी, पुण्यात लवळ्याचं फ्लेम. यातल्या अशोका आणि अझीम प्रेमजीत घरच्या उत्पन्नावर फी-माफी मिळते, तीही बऱ्यापैकी. तिथंही वर किल्लाबागनी सांगितलेला शेड्यूलचा कागद घेऊनच बसा.

राज्य सरकारच्या समाजकल्याण खात्याच्या परदेश शिष्यवृत्तीवर विसंबून कुणी असेल तर ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, बारावीनंतरच्या पदवीला नाही. याची चौकशी करायला समाजकल्याणच्या ऑफिसात दोन चकरा होतात, त्या वाचवा.

---

एमआयडीसी_अक्कलकोटरोड

वूस्टर काढलं. तिन्हींना अंदाजासाठी मेल गेले. भाची आता मॅकलेस्टरचं चार सत्रांचं शेड्यूल घेऊन बसली आहे. तिचा एक प्रश्न: 'तीन अधिक दोन'वाली इंजिनिअरिंगची सोय काही कॉलेजांत दिसते, ती राखून ठेवावी का?

---

किल्लाबाग

नको. तीन वर्षं इथं आणि दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात अशी ती योजना असते, पण लहान कॉलेजनं दिलेली मदत त्या दोन वर्षांना लागू होत नाही आणि दुसरीकडे परदेशी विद्यार्थ्याला मदतीची हमी नसते. चौथ्या-पाचव्या वर्षी पूर्ण बिल अंगावर पडतं. शिवाय तिला इंजिनिअरिंग नकोच आहे ना? मग त्या कोर्सांची फिजिक्स-केमिस्ट्री भरण्यात तिचे संख्याशास्त्राचे दोन तरी कोर्स जातील. शेड्यूल तयार झालं की इथं टाका, रिअल अ‍ॅनालिसिसची ओळ आधी.